आईविहिरीपासून चाळीस पावलं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मस्कतमध्ये एकोणीस वर्षं काढली, तरी अजून पोलिसांची गाडी मागे दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी अगदी नियमात चालवत असले तरी. सरकारी पत्र आलं की पाकीट मी आधी नवऱ्याच्या हातात देते. तो म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणायला त्याचं काय जातं? तेव्हा पुढच्या हकिगतीत मी कुठे धीट वाटले तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समजावा.

माझं काम नकाशे काढायचं. एका लहानशा सल्लागार कचेरीत मी होते. ओमानच्या डोंगरांत तांबं आहे आणि तांब्याच्या आसपास थोडं सोनंही. ते शोधायला सरकार कंपन्यांना खाणपट्टे देतं. पट्टा म्हणजे नकाशावरचा एक चौकोन आणि त्याला एक नंबर. तो चौकोन आखायचा, त्याच्या कोपऱ्यांचे आकडे काढायचे आणि त्या आकड्यांवर डोंगरात सिमेंटचे खांब रोवून घ्यायचे, एवढी आमची कामगिरी. अल मवालेहच्या भाजीबाजारात मराठी बायका भेटल्या की हटकून विचारायच्या, "काय गं, मिळालं का सोनं?" मी म्हणायची, मिळालं तर तुमच्याकडे मेथी निवडायला उभी राहीन का?

ज्या चौकोनाबद्दल सांगते आहे तो मस्कतपासून चार तासांवर, निझवाच्याही पुष्कळ पुढे, डोंगर संपून वाळवंट सुरू होतं तिथे आहे. पायथ्याला चाळीसेक घरांची वस्ती. ती सगळी वस्ती एका फलजवर जगते. फलज म्हणजे पाट. डोंगराच्या पोटातला पाझर पकडायचा, जमिनीखालच्या बोगद्यातून तो उतारावर आणायचा आणि वस्तीच्या तोंडाशी उघड्यावर काढायचा. पाझर जिथे पकडतात तिथे एक खोल विहीर असते. तिला तिकडे आईविहीरच म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या नावाचा तोच अर्थ. आईविहिरीच्या आजूबाजूला कोणी खणायचं नाही, बोअर मारायचा नाही, सुरुंग लावायचा नाही, हा तिथला जुना दंडक आहे आणि सरकारही तो मानतं. म्हणून आमच्या चौकोनाला एका बाजूला खाच पाडलेली होती. खाचेच्या आतली जमीन पट्ट्यातून वगळलेली. आईविहीर त्या खाचेत.

निदान मला तरी तसं वाटत होतं.

एका गुरुवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मी त्या पट्ट्याची फाइल बंद करण्याआधी सहज चाळत होते. त्यात एका जुन्या नकाशाची प्रत होती. तेलाच्या शोधात गोरे लोक या भागात हिंडत होते, त्या काळातली. कुणीतरी तंबूत बसून सुरेख अक्षरात काढलेला नकाशा. विहीर, तिच्याभोवती तुटक रेघांची हद्द, वस्तीचं नाव. खाचेचे आकडे मी त्या तुटक रेघांवरून घेतले होते. चहाचा कप तोंडाला लावता लावता माझं लक्ष नकाशाच्या तळच्या बारीक ओळीकडे गेलं आणि कप तसाच राहिला.

जुन्या नकाशाचा शून्य वेगळा असतो. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण. तेव्हाच्या लोकांनी पृथ्वीचं मोजमाप जिथून धरलं होतं तिथून आजची यंत्रं धरत नाहीत. त्यामुळे जुना आकडा नव्या नकाशावर ठेवण्याआधी सरकवून घ्यावा लागतो. नाही सरकवला तर त्या भागात अडीचशे-तीनशे मीटरचा फरक पडतो. मी तो सरकवला नव्हता. का, ते आजही मला सांगता येत नाही. मुलीच्या शाळेचं काहीतरी होतं त्या आठवड्यात, मला ताप होता, असलं काहीतरी सांगता येईल. पण खरं म्हणजे मी विसरले. पोळी तव्यावर टाकून विसरावं तशी विसरले.

मी आकडे पुन्हा मांडले. खाच तिच्या जागेवरून घसरून शेजारच्या उघड्या टेकाडावर जाऊन बसली होती. तिथल्या दगडगोट्यांना मी कडक संरक्षण दिलं होतं. आईविहीर खाचेच्या बाहेर, म्हणजे खाणपट्ट्याच्या आत आली होती. नकाशा मंजूर झाला होता. खांब रोवून झाले होते. पुढच्या आठवड्यात कंपनीचं बोअरचं यंत्र जाणार होतं आणि पहिले बोअर नेमके त्या बाजूला ठरले होते. नकाशाच्या कोपऱ्यात, "तयार करणार" या शब्दांपुढे, माझी सही होती.

माझी पाचावर धारण बसली. हातातलं पेन ठेवलं ते टेबलाच्या कडेवरून खाली पडलं, आणि ते उचलायला वाकले तर वर यावंसं वाटेना.

त्या शुक्रवारी-शनिवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवसांत, मी घरात जशी वागले ते आठवलं की लाज वाटते. आमटीत दोनदा मीठ घातलं. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर, ती आपली पुस्तकात डोकं घालून, तर तिच्यावर निष्कारण ओरडले. ती म्हणाली, "आई, व्हॉट हॅपन्ड? तू अशी का... म्हणजे, तू ओके आहेस ना?" मी म्हटलं ओके आहे. शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. हातातला टॉवेल त्याने खाली ठेवला आणि आधी दार लावून घेतलं.

"हे कोणाला माहितीये?"

"मला. आणि आता तुला."

"मग राहू दे ना." त्याने दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाला, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. केस झाली, तुला देश सोडायला बंदी घातली, तर हिच्या परीक्षेचं काय? आधी परीक्षा होऊ दे. मग बघू."

"तोवर यंत्र जाईल."

"यंत्र जाईल म्हणजे लगेच विहीर आटेल असं थोडंच आहे? नसेलही आटत."

तो वाईट माणूस नाही. तो माझ्याच मनातलं बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा संताप आला. मी टॉवेल उचलून दोरीवर असा आपटला की दोन चिमटे खाली रस्त्यावर पडले.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते मोजणी खात्यात मोजणीदार होते. साखळी, फलकयंत्र, बगलेत टिपणांची गुंडाळी, डोक्यावर टोपी, असे ते तालुकाभर फिरायचे. इंग्रजांनी अख्खा मुलूख मोजून नंबर पाडले, कोपऱ्याकोपऱ्यांवर दगड पुरले. ते दगड शोधत हिंडण्यात बाबांची हयात गेली. ते म्हणायचे, साहेबानं दगड चांगले पुरले, पण ज्याच्या जमिनीत पुरले त्याला काही विचारलं नाही. म्हणून आपल्या खात्यात एक रीत पडली. मोजणीला जाताना लगतच्या खातेदाराला नोटीस द्यायची आणि त्याला बांधावर उभं करूनच दगड घालायचा. "शेजारी नसताना केलेली मोजणी म्हणजे एकट्याने खेळलेली सोंगटी," असं म्हणायचे.

ती रीत त्यांनी एकदाच मोडली. वरच्या साहेबाची घाई होती. लगतचा खातेदार परगावी होता, नोटीस पोचली नव्हती. बाबांनी दगड घातला. चार दिवसांनी टिपण पुन्हा बघताना त्यांना चूक कळली. त्या परगावी गेलेल्या माणसाचं आंब्याचं झाड, त्याच्या आजोबांनी लावलेलं, आता शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं होतं. बाबांनी कोणाला सांगितलं नाही. नोकरी नवी होती, आम्ही लहान होतो. शेजाऱ्याने ते झाड तोडून विकलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बाबा त्या गावच्या थांब्यावर कधी एसटीतून उतरले नाहीत. पलीकडच्या गावचं काम असलं तरी पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि उन्हातून मागे चालत यायचे. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे होतात.

शनिवारी रात्रभर मला ती एसटी दिसत होती.

रविवारी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेले. आमचे साहेब हिंदी बोलणारे, कामाला वाघ, पण वरच्यांना भयंकर घाबरणारे. त्यांच्यात आणि माझ्यात तेवढंच साम्य होतं. मी दार लावलं आणि सांगून टाकलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं सुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, फाइल गयी. मंजूर हो गयी. खलास."

"सर, पण विहीर आत येते आहे. वस्तीचं पाणी..."

"अब खोलेंगे तो पहले आप जाओगी, फिर मैं. समझीं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "और कल आपको साइट पे जाना है. कंपनी को सब खंभों के फोटो चाहिये, मशीन जाने से पहले. फोटो लेके आ जाओ. किसी से बात नहीं."

मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही धीर लागतो.

सोमवारी पहाटे आमचे ड्रायव्हर मला घ्यायला आले. हे मूळचे रायगडचे, समुद्रकाठच्या एका गावचे मुसलमान. सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणते, ते मला ताई म्हणतात. ओमानात माझ्या दुपटीने वर्षं काढलेली, अरबी पाण्यासारखी बोलतात. डोंगरातल्या कामाला ते सोबत असले की मला बरं वाटायचं. त्या दिवशी तेवढं बरं वाटलं नाही. निझवा मागे पडल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कोणाशी बोलायचं नाही असा हुकूम होता, पण गाडीत चार तास गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही.

चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, साहेबांनी सांगितलाय ना, बोलायचा नाय? मग आपन कशाला बोलायचा? फोटो काढू न् यल्ला, परत." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माजी पन दोनच वर्सं रायलीत, ताई. अर्बाबाचा डोका फिरला तर दोगांची बॅग एकदम भरंल." यल्ला म्हणजे चला, अर्बाब म्हणजे मालक. आमच्या दोघांचे व्हिसा एकाच मालकाच्या सहीचे होते.

वस्तीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. फलजचं पाणी खजुरींच्या मधून खळखळत चाललं होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. आम्ही थेट वर डोंगराकडे गाडी घातली. एक खांब झाला, दुसरा झाला. तिसऱ्या खांबाजवळ पोचलो आणि मी कॅमेरा खाली घेतला.

खांब पांढराशुभ्र होता. आम्ही रोवले तेव्हा सगळे खांब राखाडी सिमेंटचे होते. याला कोणीतरी चुना लावला होता, तोही नीट, दोन हात देऊन. बुंध्याभोवती सारख्या आकाराचे दगड गोल मांडले होते. आणि खांबापासून चाळीसेक पावलांवर, दगडी कठड्याची, आईविहीर.

गाडीचा आवाज ऐकून खालून दोन म्हातारे चढून आले. पुढचा होता तो फलजचा कारभारी, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. कोणाच्या बागेला कधी पाणी सुटेल, ते तो ठरवायचा. मागचा त्याचा शेजारी, विहिरीलगतची बाग त्याची. पाटकऱ्याच्या हातात कहव्याची किटली होती. आमच्यासाठी ती घेऊन तो एवढा चढ चढून आला होता. चटई अंथरली, खजूर पुढे केला. चाचा आणि तो बराच वेळ ख्यालीखुशाली विचारत राहिले, तिकडच्या रीतीप्रमाणे. मग म्हातारा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला आणि उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

चाचा खजुराची बी बोटांत फिरवत होते. "बोलतायत, सरकारने विहिरीच्या राखनीला खांब लावले, अल्ला तुमचं भलं करो. पोरांना सांगून ठेवलाय, खांबावर चढायचा नाय. चुना यांनीच लावलाय."

हातातला खजूर मी चटईवर ठेवला. मला वाटतं, आयुष्यात मी तेवढी कधी घाबरले नाही. पोलीस, तुरुंग, विमानतळावर अडवणं, या सगळ्याची मनात उजळणी केली होती. कोणी आभार मानेल याची तयारी नव्हती.

म्हाताऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं. तो उठला, खांबाजवळ गेला, शेजाऱ्यालाही हाक मारून त्याने बोलावून घेतलं. मग मला हाताने जवळ बोलावलं. "या बिंती," म्हणाला. माझ्या लेकी. चाचा अनुवाद करत होते. त्याचं म्हणणं असं, की खांब तर आला, पण आमची बाजू कुठली आणि खाणवाल्यांची कुठली, ते अजून कोणी दाखवलेलं नाही. आमच्याकडे हद्द दाखवतात ती शेजाऱ्यासमोर आणि हाताने. हा माझा शेजारी, मुद्दाम बोलावून आणलाय. तू नकाशेवाली आहेस. तू हाताने दाखव.

ऊन डोक्यावर होतं. मला बाबा दिसले नाहीत, देव दिसला नाही. मला फक्त दिसत होतं की हा माणूस माझ्या चुकीला चुना लावून बसला आहे.

"चाचा," मी म्हटलं, "सांगा यांना. विहीर खाणीच्या आत आली आहे. खांब चुकले आहेत. चूक माझी आहे."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "ताई..."

"सांगा तुम्ही."

ते म्हाताऱ्याकडे वळले. मला अरबी येत नाही, पण साइटवर ऐकून ऐकून कामापुरते शब्द पक्के माहीत आहेत. बीर म्हणजे विहीर, दाखिल म्हणजे आत, बर्रा म्हणजे बाहेर. विहिरीचा शब्द आला, खाणीचा आला, आणि मग चाचा स्वच्छ म्हणाले, बर्रा. बाहेर. काळजी नको. म्हाताऱ्याने "अल्हम्दुलिल्ला" म्हटलं आणि शेजाऱ्याकडे समाधानाने पाहिलं.

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे ते लिहिते. मी माझ्या बाजूने सांगितलं होतं. पुढे ते पोचलं नाही, त्याला मी काय करू? इतकी सोयीची सुटका आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. खांबाचा फोटो काढायचा, कहवा संपवायचा, यल्ला. मी कॅमेरा उचललासुद्धा.

पण म्हातारा अजून उभा होता. त्याला शब्द पुरे नव्हते. त्याला हात हवा होता. त्याने आपला हात विहिरीच्या बाजूला करून दाखवला, ही आमची ना? आणि भुवया उंचावून थांबला.

मी हात वर केला. कॅमेरा दुसऱ्या हातात घेतला होता. विहिरीकडे बोट केलं आणि मग ते बोट तसंच फिरवून खाणीच्या बाजूला नेलं. "दाखिल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बीर दाखिल."

 शेजाऱ्याने चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान खाली घातली होती.

मी पिशवीतून यंत्र काढलं, बरोबर आकडे लावले आणि चालायला लागले. म्हातारे माझ्या मागून. खडकातून जवळजवळ तीनशे मीटर चाललो. खाचेचा खरा कोपरा जिथे यायला हवा होता तिथे थांबले आणि एक दगड उचलून ठेवला. त्यावर दुसरा ठेवला. पाटकऱ्याने तिसरा आणून दिला. तेव्हा त्याला पुरतं कळलं होतं. चेहरा रागावलेला नव्हता. एखाद्याला घरातल्या आजारपणाचं नाव पहिल्यांदा कळावं तसा झाला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, आणि या वेळी चाचांनी तो जसाच्या तसा सांगितला.

"इचारतायत, यंत्र कधी येनार?"

"याच आठवड्यात."

शेजारी खाली जाऊन कागद घेऊन आला. मी त्यावर आकृती काढली. खांब, विहीर, खरी हद्द, खोटी हद्द. जुने आकडे, नवे आकडे. शेजाऱ्याने बाजूला अरबीत लिहिलं. खाली मी सही करायची होती. पेन हातात घेतलं आणि मुलीची परीक्षा आठवली, घराचं भाडं आठवलं, बाल्कनीत उभा असलेला नवरा आठवला. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, आणि मी तर शाईची मारून घेत होते. सही केली. वेडीवाकडी आली.

मी कागद पाटकऱ्याकडे दिला तर मधेच चाचांचा हात आला.

"माजी पन घ्या," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "मगाशी मी खोटा बोल्लो. भ्यालो, ताई. एकटीची सही नको कागदावर." आणि त्यांनी माझ्या सहीखाली उर्दूत आपलं नाव लिहिलं.

 परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर त्यांनी चहा आणून दिला, तो त्यांच्याच हातून माझ्या अंगावर सांडला. 

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. मंगळवारी मी साहेबांना आणि सरकारी कचेरीला एकाच वेळी पत्र दिलं. त्याच कचेरीत पाटकरी आपला कागद घेऊन आधीच जाऊन बसला होता. साहेब माझ्यावर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "आपने मुझे भी मार दिया." ते मला ओरडण्याहून जास्त लागलं. मला जबाबासाठी तीनदा बोलावणं आलं. दर वेळी मी पर्समध्ये दात घासायचा ब्रश घेऊन गेले, परत घरी येईन याची खात्री नव्हती म्हणून. दर वेळी त्यांनी पाणी दिलं, प्रश्न विचारले आणि सोडलं. नोकरी गेली. देश सोडावा लागला नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. नवरा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला आणि सोळाव्या दिवशी म्हणाला, बरं केलंस, पण पुन्हा करू नकोस. मुलीने पेपर दिले. चाचांना मालकाने बोलावलं, खूप बोलला, पण काढलं नाही. इतका जुना आणि अरबी येणारा ड्रायव्हर त्याला दुसरा मिळाला नसता.

पट्टा थांबला. पण तो थांबायला चार दिवस लागले, आणि यंत्र बुधवारीच पोचलं होतं. त्या चार दिवसांत विहिरीच्या बाजूला दोन बोअर मारून झाले.

फेरमोजणी झाली तेव्हा मला बोलावलं नव्हतं. तरी गेले. चाचांची सुट्टी होती, त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेलं. वस्तीच्या वळणाआधी एक टपरी आहे. तिथे ते म्हणाले, "ताई, इथंच थांबायचा का? लोक काय बोलतील, काय नाय." मला त्या क्षणी खरोखर तिथेच उतरावंसं वाटलं. पाय मोकळे होतात, असं म्हणता आलं असतं.

"नको," मी म्हटलं. "आत घ्या." आणि वस्तीच्या ऐन मध्यावर, खजुरींखाली, सगळे बघत असताना उतरले.

कोणी हार घातले नाहीत. कोणी शिव्याही दिल्या नाहीत. दोन बायकांनी मला पाहून तोंड फिरवलं. पाटकरी मला उघड्या पाटापाशी घेऊन गेला. पाण्यात त्याने एक काठी रोवून ठेवली होती. काठीवर चाकूने पाडलेली एक खूण, जुन्या पाण्याच्या उंचीची. पाणी खुणेला टेकलं होतं. मी सुटकेने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान हलवली. जमिनीखालचं पाणी सावकाश कळवतं, तो म्हणाला. बोअर आज मारला तर पाणी उद्या जात नाही. यंदाचा उन्हाळा जाऊ दे, पुढचा जाऊ दे. मग सांगेन. इन्शाल्ला.

नवा खांब तीनशे मीटरवर उभा आहे. पांढरा खांब त्यांनी काढला नाही. चुना उडत चालला आहे.

या गोष्टीला दीड वर्ष होत आलं. एक उन्हाळा गेला, दुसरा चालू आहे. महिन्यातून एकदा जमेल तसं मी चाचांबरोबर तिकडे जाते. एरवी दर शुक्रवारी शेजारी म्हातारा चाचांना काठीचा फोटो पाठवतो आणि चाचा तो मला पाठवतात. सोबत एक शब्द नसतो. फोटो आला की फोन वाजतो. मी तो लगेच उघडत नाही. आधी भाजी फोडणीला टाकते, कुकर लावते, ओटा पुसते. नवरा बघत असतो. मग हात पुसून बाल्कनीत जाते, एकटी, आणि उघडते.

आज शुक्रवार. आत्ता उघडला. गेल्या शुक्रवारी खुणेला टेकलेलं पाणी आज दोन बोटं खाली आहे. खूण अजून ओली आहे.